फरकाचा मुरब्बा

नागपूर, ता. १ डिसेंबर १९४६

ती. माणिकदादा यांस,
सा. न. वि. वि.

घटना आपण लिहिल्या त्या क्रमाने नव्हे, घडल्या त्या क्रमाने अशा आहेत.

हिंगोली स्टेशनालगतच्या कापसाच्या कारखान्यात गाठी मालधक्क्यावर नेण्यासाठी रुळांवरची ठेलागाडी आहे. प्रेसपासून रूळ ढाळाने उतरतात, मग धक्क्यापर्यंत सपाट जातात आणि एका लाकडी ठोकळ्याशी संपतात. कारखान्याचा नियम असा की, ढाळावर दोन हमालांनी मागून दोर धरून गाडी आवरायची आणि सपाटी लागताच मागच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाने ब्रेकचा दांडा ओढायचा. गेल्या महिन्यात एके दिवशी त्या फळीवर लिंबाजी नावाचा इसम होता. गाडी ठोकळ्यावर आदळली, गाठींचे बंध तुटले आणि पुढची गाठ धक्क्याशी उभ्या असलेल्या मसाजी नावाच्या हमालाच्या छातीवर पडली. मसाजी जागीच गेला. लिंबाजी हवालातीत आहे. त्याने दांडा पुरता ओढला नाही असा आरोप आहे; पुरता ओढला असे त्याचे म्हणणे आहे. मसाजी हा लिंबाजीच्या बायकोचा, सिंधूबाईचा, सख्खा भाऊ होता, आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याचे तोंड पाहत नाही. ही शेवटची गोष्ट आपण सहीखाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी लिहिली आहे.

आता आकडे. पंचनाम्याप्रमाणे लिंबाजीचा पितळी तांब्या पुढच्या गाठीच्या कडेवर, जमिनीपासून चार फूट उंच ठेवलेला होता. गाडी आदळून थांबली, तांब्या थांबला नाही. तो चार फूट पुढे जमिनीवर आपटल्याची खूण आहे. चार फूट खाली येण्यास वस्तूला अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात चार फूट पुढे गेला, म्हणजे आदळताना गाडीचा वेग सेकंदाला आठ फूट होता. यंत्रमास्तराने नंतर तितकीच भरलेली गाडी ढाळावर मोकळी सोडून पाहिली. सपाटीवर येताना तिचा वेग सेकंदाला बारा फूट भरला. ती मोकळी का सोडली? त्या दिवशी दोर धरणारे कोठे होते? याविषयी आपल्या पत्रात अक्षर नाही. शेवटी, दांडा पुरता ओढून ब्रेकची चाचणी घेतली, तेव्हा सपाटीवर नऊ फुटांच्या वेगाने आलेली तीच गाडी नेमकी ठोकळ्याशी येऊन थांबली.

नियम असा आहे: गाडीच्या गतिज ऊर्जेत होणारा बदल म्हणजे निम्मे वस्तुमान गुणिले वेगांच्या वर्गांचा फरक. आपण गाठींचे वजन मणांत दिले आहे, पण मण कच्चा की पक्का ते दिलेले नाही. सुदैवाने दोन्ही वेळी वजन एकच असल्याने आपल्या या हलगर्जीपणाने काही बिघडत नाही. अपघाताच्या वेळचा वर्गांचा फरक आणि चाचणीच्या वेळचा वर्गांचा फरक शेजारी शेजारी ठेवावे. दोन्ही सारखे आले, तर दांडा पुरता ओढलेला होता. लहानमोठे आले, तर नव्हता.

बेरीज-वजाबाकी मी करून देत नाही. निसर्गाचा नियम सांगणे माझे काम. एखादा इसम दोषी की निर्दोष हे सांगणे आपले. आणि इतके आकडे वकिलाला जुळवून द्यावे लागत असतील तर त्याने तो झगा खुंटीला टांगून ठेवावा.

आपण हे मत कोणाच्या वतीने मागत आहात, ते कळवावे.

द्वारका


॥ श्री ॥
हिंगोली, ता. १५ डिसेंबर १९४६
बहमन, १३५६ फसली

चि. द्वारका हिस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद मी न मागता देतो, कारण मागण्याची रीत तुमच्या नागपूरच्या कॉलेजात बंद झालेली दिसते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला वडील माणसाची पायरी शिकवणारे तिथे कोणी नसावे.

तुझे मत अदालतीत दाखल केले. इथे मराठी कागद चालत नाही, हे तू हिंगोलीची लेक असून विसरली असशील. उर्दू तर्जुमा कोणा मुन्शीवर न सोपवता मी स्वतः केला. तुझे लिहिणे अगदी कोरडे. अदालतीपुढे जबानीला थोडी नजाकत लागते, ती मी आणली. तुझे ते ऊर्जेच्या नियमाचे वाक्य असे वाचले: "गाडी की तवानाई में जो तब्दीली हुई, वह रफ़्तारों के फ़र्क़ का मुरब्बा है।"

मुन्सिफसाहेब चष्मा काढून माझ्याकडे पाहू लागले. म्हणाले, "वकीलसाहब, आँवले का मुरब्बा सुना था। यह फ़र्क़ का मुरब्बा कौन-सी दुकान पर मिलता है?"

सारी अदालत हसली. मी न हसता समजावून सांगितले की, ज्या संख्येला तिनेच गुणले त्याला इल्मवाले मुरब्बा म्हणतात. बारातून आठ गेले, उरले चार. चार चोक सोळा. तिकडे चाचणीत नवातून शून्य गेले, उरले नऊ. नऊ नव्वे एक्याऐंशी. म्हणजे पुरता दांडा ओढला तर एक्याऐंशी, आणि या इसमाने ओढला तो सोळा. पाचातला एक हिस्सा. साहेबांनी ते लिहून घेतले आणि माझी तारीफ केली.

आरोपी मध्येच ओरडला, "साहेब, म्या दांड्याला लोंबकळून राहिलो व्हतो! पाय फळीला न्हाई!" शिपायाने त्याला दटावले.

पेशी जानेवारीत आहे. त्या दिवशी निकाल होईल आणि तो काय होईल याविषयी आता कोणाच्या मनात शंका नाही. तुझ्या नावाचा अदालतीत आदराने उल्लेख झाला, हे तुला कळवणे माझे कर्तव्य होते. कोणाच्या वतीने वगैरे चौकशा बायकांनी करू नयेत.

माणिकराव


नागपूर, ता. १९ डिसेंबर १९४६

श्री. माणिकराव वकील यांस,

आजपासून आपल्याला दादा म्हणणे मी बंद करीत आहे.

मी लिहिले होते: वेगांच्या वर्गांचा फरक. आपण वाचलेत: वेगांच्या फरकाचा वर्ग. शब्द तेच आहेत. आपण फक्त त्यांच्या जागा बदलल्या, आणि त्या बदलाने एका माणसाला तुरुंगात पाठवण्याची सोय केली.

आता पहिलीतल्या मुलाला शिकवावे तसे शिकवते. आधी वर्ग करावेत, मग वजाबाकी. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. आठाचा वर्ग चौसष्ट. एकशे चव्वेचाळीसातून चौसष्ट गेले, उरले ऐंशी. चाचणीत नऊचा वर्ग एक्याऐंशी, त्यातून शून्य गेले, उरले एक्याऐंशी. इकडे ऐंशी, तिकडे एक्याऐंशी. राहिलेला एक हा तांब्याची खूण मोजताना झालेल्या बोटभर चुकीचा आहे. म्हणजे लिंबाजीच्या ब्रेकने गाडीतून जितकी ऊर्जा काढून घेतली, तितकीच पुरत्या ओढलेल्या ब्रेकने चाचणीत काढून घेतली. लिंबाजीने दांडा पुरता ओढला होता.

आपल्याला हे विपरीत वाटेल. चाचणीत ब्रेकने नऊ फूट वेग मारला आणि लिंबाजीच्या वेळी चारच फूट, मग ब्रेक एकच कसा? असा की, गाडी जितकी वेगात येते तितकी ती त्याच जमिनीवरून लवकर निघून जाते. ब्रेकला तिच्याशी झगडायला वेळच कमी मिळतो. म्हणून तोच ब्रेक, तेवढ्याच रुळांवर, वेगवान गाडीचा वेग कमी घटवतो. दोष ब्रेकचा नाही, ओढणाऱ्याचा नाही. दोष त्या बारा फुटांचा आहे. गाडी सपाटीवर बाराच्या वेगाने येऊच दिली कोणी? ढाळावरचे दोरवाले कोणी काढले?

इतके दिवस मी आपल्याला केवळ अर्धवट शिकलेले समजत होते. आता मला असे दिसते की आपण पुरते शिकलेले आहात आणि हे समजून उमजून केले आहे. चूक चुकून झाली असती तर ती कधी आरोपीच्या बाजूनेही झुकली असती.

आपण पेशीपूर्वी अदालतीपुढे दुरुस्तीचा अर्ज द्यावा. न दिल्यास मी स्वतः हिंगोलीस येईन, साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहीन, आणि आपल्या नजाकतीचा तर्जुमा मराठीत करीन.

द्वारका


॥ श्री ॥
हिंगोली, ता. २७ डिसेंबर १९४६

कु. द्वारकाबाई, एम्.एस्सी. यांस,

तुला नागपुरास पाठवू नये असे मी काकांना, तुझ्या वडिलांना, त्या वेळीच लिहिले होते. ते पत्र त्यांनी फाडले. ते जपून ठेवले असते तर आज तुझ्या या पत्राशेजारी मांडता आले असते.

तू मला बेइमान म्हणतेस. ऐक. मी ते वाक्य लिहिले तेव्हा मला या दोन गोष्टी एकच वाटल्या, आणि आजही बराबर एकच वाटतात. फरकाचा वर्ग काय आणि वर्गांचा फरक काय! कागदावर शब्द मागेपुढे झाले म्हणून तिकडे लोखंडी ब्रेक मऊ होत नाही. "मुरब्बों का फ़र्क़" हे कानाला खटकते, "फ़र्क़ का मुरब्बा" हे वाहते. मी वाहते ते घेतले. यात बेइमानी असेल तर ती जबानीची.

आणि आता या चुकीतला तुझा वाटा विचारतो. उत्तर तू तेव्हाच लिहून दिले असतेस, "दांडा पुरता ओढला" ही तीन शब्दांची ओळ, तर माझ्या तर्जुम्याला जागा उरली असती काय? वकिलाने झगा खुंटीला टांगावा, असे लिहायला तुझ्याजवळ शाई होती. एका ओळीला नव्हती.

कोणाच्या वतीने म्हणतेस ना? कारखान्याच्या. फिर्याद कारखान्याची आहे आणि मी कारखान्याचा वकील आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. तू ज्या सुरात विचारलेस त्या सुराला उत्तर द्यायचे नव्हते, इतकेच. दोरवाले दोघे त्या दिवशी किसनराव मॅनेजरांनी वॅगन भरायला घेतले होते, कारण वॅगन सुटायची होती. कारखाना असाच चालतो. ब्रेकवाला जागा असता तर दोराची गरजच पडली नसती.

तुझी ती सिंधूबाईसुद्धा माझ्याकडे येऊन गेली. औंढ्याच्या पलीकडे, सिद्धेश्वरकडच्या वाडीत मेंढरे राखणाऱ्या धनगरांची लेक; हल्ली माहेरीच असते, तिथून चालत आली होती. ओसरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"वकीलसाहेब, मला बाकीचं समजत न्हाई. त्यानं दांडा वढला का न्हाई, येवढं सांगा."

मी म्हटले, "ओढला, पण पाचातला एक हिस्सा ओढला."

"पाचातला येक? आन् त्यो कसा वढत्यात? भाकर हाय का ती, चतकोर मोडून घ्यायला? माणूस दांडा धरतो न्हाईतर सोडतो."

"अदालतीत तसे निघाले आहे, बाई. शिकलेल्या लोकांनी हिशेब केला आहे."

मग ती म्हणाली, "मंग धरला नसंल. माजा मसा समूर उभा दिसून राहिला, तरी त्यानं धरला नसंल." आणि पायरी उतरून गेली. हवालातीत नवऱ्याला द्यायला भाकरी आणली होती, ती माझ्या ओट्यावर ठेवून गेली.

तुला साक्षीला येण्याची तकलीफ नको. मी मुन्सिफसाहेबांपुढे अर्ज दिला आहे, पण तू म्हणतेस तो नाही. जागेवर चाचणी घ्यावी असा दिला आहे. तितकीच भरलेली गाडी, तोच ढाळ, मोकळी सोडलेली, आणि दांड्यावर लालसिंग. लालसिंग हा स्टेशनातला सांधेवाला. पैलवान आहे, दोन्ही हातांनी वॅगन ढकलतो. तो दांडा पुरता ओढील, गाडी ठोकळ्याआधी थांबेल, आणि तुझे ऐंशी-एक्याऐंशी हिंगोलीच्या भर बाजारात उताणे पडतील. तांब्यासुद्धा ठेवणार आहे, माझ्या घरचा.

माणिकराव


नागपूर, ता. १ जानेवारी १९४७

श्री. माणिकराव वकील यांस,

आपल्या चाचणीचा निकाल मी आजच लिहून पाठवते, म्हणजे नंतर तो आपलाच होता असे म्हणता येणार नाही.

लालसिंग पुरता ओढील. गाडी थांबणार नाही. ती सेकंदाला सुमारे आठ फुटांच्या वेगाने ठोकळ्यावर आदळेल आणि आपल्या घरचा तांब्या चार फुटांच्या आसपास पडेल. लालसिंगाच्या जागी दुसरा कोणीही पैलवान आणला तरी हेच होईल, कारण ब्रेकचा लाकडी गुटका चाकावर जितका दाबला जायचा तितका दाबला गेला की पुढे माणसाच्या बळाला काम उरत नाही.

एक अट आहे, आणि ती विनंती म्हणून वाचू नये. ठोकळ्याशी, धक्क्यावर किंवा गाडीच्या समोर कोणीही उभे राहता कामा नये. बंध दुहेरी घ्यावेत. लालसिंगाला, सपाटी संपायच्या आत फळीवरून मागे उडी टाकायला सांगावे, नाहीतर तोही तांब्यासारखाच पुढे जाईल. आपल्याला गणित येत नाही यासाठी आणखी एक माणूस मरण्याचे कारण नाही.

द्वारका


॥ श्री ॥
हिंगोली, ता. २० जानेवारी १९४७
इस्फंदार, १३५६ फसली

द्वारकाबाई यांस,

चाचणी झाली. तुला तपशील हवा असणार; तपशिलाशिवाय तुझे समाधान होत नाही. घे.

मुन्सिफसाहेब खुर्ची टाकून बसले होते. किसनराव मॅनेजर होते, स्टेशनमास्तर होते, हळदीचे सौदे सोडून निम्मा बाजार आला होता. लिंबाजीला शिपायासोबत आणले होते. धक्क्यावर मी कोणाला उभे राहू दिले नाही. हे तू लिहिलेस म्हणून नव्हे.

लालसिंग मिशीला पीळ देत फळीवर चढला. "वकीलसाब, ऐसा खींचूँगा कि गाड़ी उल्टी ढाल पर चढ़ जाएगी।"

लिंबाजी खालून म्हणाला, "पैलवान, हाताला माती चोळा. घामानं निसटून राहिला व्हता दांडा."

"तू चुप बैठ। तेरे जैसे दो बग़ल में दबाकर चलता हूँ।"

गाडी सोडली. सपाटी लागताच लालसिंगाने दांडा ओढला. नुसता ओढला नाही, लोंबकळला. पाय फळीवरून सुटले, मानेच्या शिरा दोरासारख्या ताठल्या, चाकांतून जळक्या लाकडाचा वास यायला लागला. मला वाटले, थांबली. थांबली नाही. ठोकळ्याजवळ येताना त्याने मागे उडी टाकली. गाडी आदळली. माझ्या आईच्या रुखवतातला तांब्या उडून खडीवर पडला आणि त्याला पोचा आला.

मुन्सिफसाहेबांनी फीत स्वतःच्या हातात घेतली. चार फूट आणि दोन बोटे.

लालसिंग धापा टाकत माझ्यापुढे आला. "वकीलसाब, माँ क़सम, मैंने पूरा खींचा। पूरा।"

तेव्हा लिंबाजी, हातात बेडी, खाली बघत म्हणाला, "म्या बी ह्येच सांगून राहिलो. दोन महिने."

मुन्सिफसाहेब फीत गुंडाळत माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वकीलसाहब, आपका मुरब्बा तो ख़राब निकला।" या वेळी अदालत हसली नाही. त्यापेक्षा हसली असती तर बरे.

तुझे ऐंशी-एक्याऐंशी आता मला दिसतात. समजतात असे म्हणत नाही. दुरुस्तीचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. त्यात "तर्जुमा करणाऱ्याची चूक" असे लिहिले आहे. तर्जुमा करणारा कोण, ते अदालतीने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. लिंबाजी सुटला. दोरवाले का काढले याचा जबाब किसनरावांकडून मागवला आहे, आणि कारखान्याने आपले वकीलपत्र माझ्याकडून काढून घेतले आहे. बाजारात पोरे मला पाहून "मुरब्बा" म्हणतात. हे सर्व तुला गोड लागेल.

एक राहिले. लिंबाजी सुटल्यावर थेट वाडीवर गेला होता. परत येऊन माझ्या ओट्यावर बसला. मी विचारले, बायको आली नाही? म्हणाला, "न्हाई आली. म्हनली, सुटला म्हंजी वकिलानं सोडवला. म्या दांडा धरला व्हता म्हनलो, तर म्हनली, मोठ्या वकीलसाहेबानं सवताच्या तोंडानं सांगितलंय मला, पाचातला येक. त्यो काहून खोटं बोलंल?" मी त्याला पाणी दिले. आता यात मी काय करणार? अदालतीने सोडले, माझे काम संपले. नवरा-बायकोच्या मध्ये वकील पडत नसतो.

या विषयावर आता पत्रव्यवहार नको. उत्तर पाठवू नये.

माणिकराव


नागपूर, ता. २४ जानेवारी १९४७

श्री. माणिकराव वकील यांस,

उत्तर पाठवू नये असे आपण लिहिले आहे. पाठवीत आहे.

आपली बाजारातली थट्टा मला गोड लागली नाही. तिच्याविषयी मला काहीही वाटले नाही. तांब्याचा पोचा तांबटाकडून काढून घ्यावा.

आपण चाचणी सुरक्षितपणे घेतलीत, हे बरोबर केलेत. अर्ज दिलात, हेही बरोबर केलेत, पण अर्धे. अर्जात नाव झाकलेत. ते झाकणे अदालतीने चालवून घेतले, मी चालवून घेत नाही. परंतु माझा आक्षेप त्यावर नाही. माझा आक्षेप असा की, आपण दुरुस्ती भलत्याच ठिकाणी केली. चुकीचे उत्तर आपण दोन ठिकाणी दिले होते, एक अदालतीत आणि एक आपल्या ओट्यावर. अदालतीतले खोडलेत. ओट्यावरचे तसेच आहे. ते अदालतीच्या कोणत्याही हुकुमाने खोडले जात नाही, कारण ते कागदावर नव्हते. एका बाईच्या भावाच्या मरणाविषयी ते तिला तोंडाने सांगितलेले होते, आणि सांगणारा आपण होता. तिने आपल्या शब्दावर विश्वास ठेवला. नवऱ्याच्या शब्दापेक्षा अधिक ठेवला. तिचा तो विश्वास आता फक्त आपल्यालाच परत घेता येतो, मला नाही, लिंबाजीला तर नाहीच.

नवरा-बायकोच्या मध्ये वकील पडत नसतो, हे खरे. आपण आधीच पडलेले आहात. आता बाजूला व्हावयाचे आहे.

म्हणून कळवते. आपण स्वतः सिद्धेश्वरकडच्या त्या वाडीवर जावे. मुन्शी पाठवू नये, लिंबाजीकडून निरोप धाडू नये, बैलगाडी मिळाली नाही तर ती आली तशी चालत जावे. बसायला सांगितले नाही तर उभे राहावे. लालसिंगाचे, चाचणीचे, मुन्सिफसाहेबांचे काही सांगू नये. त्याने ती पुन्हा म्हणेल की मोठ्या लोकांनी मोठ्या लोकांचे ऐकले. तिने आपल्याला एकच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर या वेळी मी स्वतः लिहून देत आहे. यात वर्ग नाही, फरक नाही, मागेपुढे करण्यासारखा शब्द नाही:

लिंबाजीने दांडा धरला होता. पुरता धरला होता. सोडला नव्हता. मी तुला चुकीचे सांगितले.

शेवटचे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही अशी मला धास्ती आहे, म्हणून ते वेगळे नमूद करते. ते गाळल्यास बाकीचे तिला खरे वाटणार नाही.

हे ऐकून ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत, तर्जुमा न करता, मला लेखी कळवावे.

द्वारका